मोआबच्या खडकांवर गाईडची गाडी: पैसे वसूल की नुसती जत्रेतली पाळणाफेरी?

गगनबावडा_ते_डेन्व्हर

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन मोआबला (युटा, अमेरिका) जाऊन आले. फोटो एका ग्रुपवर टाकले तर पहिलीच प्रतिक्रिया, "अरेरे, गाडीतून बघितलंत? मोआब पायी बघायचं असतं." तेव्हापासून हे टोचतंय, म्हणून धागा काढते.

आधी आम्ही काय केलं ते. गावाच्या पूर्वेला सँड फ्लॅट्स म्हणून भाग आहे, तिथल्या हेल्स रिव्हेंज या वाटेवर अडीच तासांची गाईडसह फेरी घेतली. उघडी, उंच चाकांची हमर, मागे पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या सीटा. रस्ता असा काही नाहीच. गुळगुळीत गुलाबी-तांबूस वालुकाश्माचे उंच वरवंटे एकाला एक लागून, त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा आणि हजारो टायरांचे काळे पट्टे. त्या पट्ट्यांवरून गाडी चढते तेव्हा समोर नुसतं आकाश, उतरते तेव्हा नुसता दगड. खाली कोलोरॅडो नदीची घळ, लांब ला साल डोंगरांवर पहिलं बर्फ.

आता माझे बाबा. चौतीस वर्षं एसटीत चालक, त्यातली निम्मी घाटात. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला. डेलिकेट आर्च या प्रसिद्ध दगडी कमानीला जाऊन-येऊन पाच किलोमीटर चढउतार आहे, तो त्यांना झेपणार नव्हता. आईचं वय अडुसष्ट. यांनी मोआब बघायचंच नाही का?

आणि "गाडीतून काय दिसणार" म्हणणाऱ्यांसाठी: पहिल्या मोठ्या उताराला बाबांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला होता. ब्रेक मारत होते बिचारे! दुसऱ्या उताराला त्यांनी मान वाकडी करून गाईडच्या पायाकडे बघितलं, आणि माझ्या कानात म्हणाले, "ब्रेकला पाय नाही गं त्याचा. गिअरवर उतरवतोय." तिथून पुढे ते वेगळंच काहीतरी बघत होते. चालत गेलेल्या किती जणांना हे दिसलं असतं?

माझं मत: माहीतगार चालकाबरोबर जाणं हाच इथे सगळ्यात शहाणा मार्ग आहे, स्वतःची गाडी घालण्यापेक्षा नक्कीच. घाला वाद.

अनवाणी

घालतो. गुडघेदुखी, वय हे सगळं मान्य, त्यावर कुणी काही म्हणणार नाही. पण तुम्ही अपवादावरून नियम काढताय. त्या गाडीत तुमचे आई-बाबा सोडून जे बाकीचे होते, त्यातले किती जण चालू शकत होते?

मी दोनदा गेलोय मोआबला. पहाटे वाळूच्या ओढ्यातून चालताना दगडावरून पाणी ठिबकतंय हे आधी कानाला कळतं, मग ओल्या भिंतीवर नेची लटकलेली दिसतात. ऊन चढतं तसा भिंतीचा रंग बदलतो. खडकावर ते काळे ओघळ असतात, लोह आणि मँगनीजची पुटं, हजारो वर्षांत चढलेली. त्याच्यासमोर अर्धा तास बसलं की कळतं आपण कुठे आलोय. अडीच तासांच्या फेरीत हे कुठे बसवणार? तिथे गाईड विचारतो "रेडी?" आणि सगळे ओरडतात. ती जत्रेतली पाळणाफेरीच. फक्त पाळणा महाग आहे.

लो_फोर

ताई, बाबांना दंडवत. ब्रेकवरचा पाय बघणारा प्रवासी मिळणं म्हणजे त्या गाईडचं भाग्य.

पण मला उलट बाजूने भांडायचंय. स्वतः चालवण्यात जी मजा आहे ती मागच्या सीटवर नाही. मोआबमध्ये फोर बाय फोर जीप दिवसावर भाड्याने मिळते, वाटेचे नकाशे मिळतात. सुरुवात शेफर ट्रेलने करा. आधी गुरं उतरवायची वाट होती, मग युरेनियमच्या ट्रकांसाठी रुंद केली, आता कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात हौशी लोक वळणं मोजत दीड हजार फूट खाली उतरतात. कोरड्या हवेत त्याला मुरलेला चालकही लागत नाही, फक्त उंचीची भीती नको. पुढे व्हाइट रिम रोड, शंभर मैलांचा. त्याला मात्र परवाना लागतो.

स्लिकरॉकवर टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवायची, लो रेंज (गाडी हळू पण जोरात ओढणारा गिअर) टाकायची आणि चाक कुठे पडतंय ते डोकं बाहेर काढून बघायचं. रबर त्या दगडाला असं धरतं की विश्वास बसत नाही. गंमत म्हणजे नाव "गुळगुळीत दगड", कारण पूर्वी घोड्यांचे लोखंडी नाल घसरायचे. रबराला तो सँडपेपर आहे.

गगनबावडा_ते_डेन्व्हर

@लो_फोर, "डोकं बाहेर काढून बघायचं" हे तुम्ही वीस वेळा केलेलं असणार. पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करायचं? आमच्या ओळखीतल्या एकाने विमानतळावरून घेतलेली साधी भाड्याची एसयूव्ही "जरा पुढे बघू" म्हणत वाळूत रुतवली. करारात डांबर किंवा सरळ कच्चा रस्ता सोडायचा नाही असं छापलेलं होतं, ते त्याने ओढून काढणाऱ्याचं बिल आल्यावर वाचलं. आकडा चार अंकी होता, डॉलरमध्ये. आम्ही तिघांसाठी भरलेले पैसे त्याच्या निम्मेही नव्हते.

@अनवाणी, ओरडले लोक, खरं आहे. मीही ओरडले. वेरूळला कैलास लेण्यापुढे शाळेच्या सहलीची पोरं ओरडतात म्हणून लेणं छोटं होत नाही.

सड्यावरचा

मी रत्नागिरीचा, सध्या ॲरिझोनात, वनस्पतिशास्त्रात काम करतो. इथे चालणारे विरुद्ध चालवणारे अशी कुस्ती लागलीय, पण ज्याच्यावर कुस्ती चाललीय त्या जमिनीचं कुणी बोलत नाहीये.

स्लिकरॉक हा नवाहो वालुकाश्म. साधारण 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, आहे त्या जागी दगड झालेल्या. त्यावर टायर फिरले तर काळा पट्टा उठतो, थोडी झीज होते, फार काही नाही. अडचण आहे ती दोन वरवंट्यांच्या मधल्या वाळूत. तिथे काळपट, खडबडीत, जळक्या पापडासारखा थर दिसतो. ती घाण नव्हे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी मिळून धरलेली जिवंत खपली आहे ती. सूक्ष्म धाग्यांनी वाळूचे कण शिवून ठेवलेले असतात. वारा आला तरी वाळू उडत नाही, पाऊस आला तर ओल टिकते, झाडांना नत्र मिळतं. एका टायरने किंवा एका बुटाने ती मोडली की परत यायला दशकं लागतात.

दुसरं, खडकातले खळगे. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात पाणी साठतं त्यात बारीक पारदर्शक परीकोळंबी असते ना, तिचीच भावंडं इथे आहेत. पाणी आटलं तरी अंडी तळाच्या धुळीत वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पाऊस आला की काही दिवसांत आयुष्य उरकतात. कोरडा खळगा म्हणजे रिकामा खळगा नव्हे. आपल्या सड्यांवर हौशी लोक थार घेऊन "चिखल उडवायला" जातात तेव्हा हेच चिरडतं, आणि तिथे अडवायला कुणी नसतं.

म्हणून मी ताईंच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. ठरलेल्या पट्ट्यावरून रोज तीच गाडी गेलेली परवडली. सगळ्यात जास्त नुकसान फोटोसाठी वाट सोडून पन्नास पावलं आत जाणारा करतो, मग तो चालणारा असो की चालवणारा. ताई, एक खरं सांगा, थांब्यावर तुमच्यापैकी कुणी वाळूत उतरलं का?

गगनबावडा_ते_डेन्व्हर

छे, आम्ही खडकावरच होतो. गाईडने सुरुवातीलाच सांगितलं होतं काळ्या मातीवर पाय देऊ नका म्हणून.

अनवाणी

@सड्यावरचा, मुद्दा मान्य, मी वाट सोडत नाही. पण "ठरलेला पट्टा" हा शब्द किती निरागस वाटतो! तो पट्टा ठरवला कुणी? जिथे गाडी चढू शकली तिथे. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा.

ग्रँड_जंक्शनकर

मी तिथून दोन तासांवर राहतो, दर महिन्याला कामासाठी मोआबला जातो. तुम्ही सगळे पाहुणे म्हणून बोलताय.

गावाला विचाराल तर त्रास जीपचा फारसा नाही, आवाजाचा आहे. त्या छोट्या उघड्या यूटीव्ही असतात ना, चार सीटांच्या, बाइकसारख्या किंचाळणाऱ्या. युटात त्या गावातल्या रस्त्यावरही चालवता येतात, त्यामुळे वसंतात सकाळपासून रात्रीपर्यंत मुख्य रस्त्यावर मधमाशांचं पोळं उठल्यासारखं असतं. 2021 मध्ये गावाने आणि काउंटीने आवाजाचे नियम केले, त्यावरूनही भांडणं झाली. राष्ट्रीय उद्यानांत त्यांना बंदी आहे हे बरं आहे.

पट्ट्यांबद्दल अनवाणींना उत्तर: 2023 मध्ये बीएलएम या केंद्राच्या जमीन खात्याने मोआबच्या पश्चिमेकडच्या लॅबिरिंथ रिम्स भागात सव्वाअकराशे मैलांपैकी 317 मैल वाटा मोटारींना बंद केल्या. चालणाऱ्यांनी पेढे वाटले, जीपवाले कोर्टात गेले. म्हणजे पट्टा ठरवणारं कुणीतरी आहे, पण ते ठरवणं कुणालाच पटत नाही.

आणि एक इतिहास ऐका. या गावाला पर्यटन आवडतं म्हणून ते पर्यटनाचं गाव झालेलं नाही. 1952 मध्ये जवळ युरेनियमचं मोठं घबाड सापडलं, गाव रातोरात फुगलं, मग भाव पडले आणि खाणी बसल्या. युरेनियमच्या गिरणीचा किरणोत्सारी गाळ, एक कोटी साठ लाख टन, नदीच्या काठावर तसाच पडून होता. तो रेल्वेने लांब न्यायला 2009 उजाडलं. इस्टर जीप सफारी हा जीपवाल्यांचा मेळावा 1967 पासूनचा. स्लिकरॉकची प्रसिद्ध सायकलवाटसुद्धा 1969 मध्ये आखली ती मोटारसायकलवाल्यांनी. तिथल्या पुष्कळ वाटा खाणवाल्यांनी आणि गुराख्यांनीच पाडलेल्या आहेत. "अस्पर्श निसर्गात इंजिन आणलं" असं म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मणका_क्रमांक_चार

सगळ्यांचं तत्त्वज्ञान वाचलं. आता पाठीचं कोण बोलणार?

मीही अशीच एक फेरी घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. बुकिंगच्या वेळी "स्पॉन्डिलायटिस आहे, चालेल का?" असं स्पष्ट विचारलं. "नो प्रॉब्लेम" म्हणाले. बसवलं सगळ्यात मागच्या रांगेत, मागच्या चाकाच्याही मागे. प्रत्येक पायरीवरून चाक खाली पडलं की धक्का थेट कमरेत. थांबवून पुढे बसू का विचारलं तर पुढच्या सीटा आधीच दिलेल्या. घरी येऊन तीन आठवडे पट्टा लावला. तक्रारीला उत्तर म्हणून मी सही केलेल्या कागदाची प्रत आली, बस्स.

ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी पुढची किंवा मधली रांग आधी लिहून घ्यावी. गोव्यात कुळेंहून दूधसागरला जाणाऱ्या जीपमध्ये बसून पाठ टिकली म्हणून इथे टिकेल असं समजू नये.

लो_फोर

@मणका, हे अगदी खरं. मागच्या चाकामागची सीट म्हणजे एसटीची शेवटची लाइन. ताईंचे बाबा जास्त सांगतील.

अनवाणी

ठीक. ज्यांना चालता येत नाही त्यांनी गाडीने जावं, पुढच्या सीटवर बसावं, काळी माती तुडवू नये. ज्यांना चालता येतं त्यांनी चालावं. माझा मुद्दा एवढाच होता, आणि तो अजून कुणी खोडलेला नाही.

गगनबावडा_ते_डेन्व्हर

खोडते. मला चालता येतं, तरी मी परत गाडीनेच जाईन. चालणाऱ्याला जास्त कळतं हे गृहीतच मला मान्य नाही. आणि आता बाबा म्हणतायत त्यांना लिहायचंय. त्यांनी सगळा धागा वाचलाय. व्हॉइस टायपिंग आहे, चुका मी काढणार नाही.

गगनबावडा_ते_डेन्व्हर (बाबा)

नमस्कार. माझ्या गुडघ्यावर एवढी चर्चा डॉक्टरनेसुद्धा केली नव्हती.

पोरगा चांगला चालवत होता. वय पंचविशीच्या आसपास. गाडीला क्लच नाही हे बघून मला आधी धडकी भरली, क्लच नाही तर घाट कसा उतरणार? मी हाताने गिअरची खूण केली. त्याने एक छोटा दांडा दाखवला, तो ओढला की गाडी बैलासारखी जड पावलाने चालते. आमच्या करूळ घाटात भरलेली गाडी दुसऱ्यावर उतरवायची तोच हिशेब. इंजिन धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही. भाषा न येता आम्ही दोघं तेवढंच बोललो.

पण अनवाणी म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे. नदी दिसते त्या कड्यावर आम्हाला दहाच मिनिटं दिली. मला तिथे बसायचं होतं. खाली पाणी एवढं लांब की हलतंय का थांबलंय कळत नव्हतं. मी बघतच होतो तेवढ्यात चला चला झालं, कंट्रोलरने शिट्टी मारल्यासारखं. तिसरा चढ नसता दाखवला तरी चाललं असतं, तो वेळ इथे द्यायचा. पैसे तेवढेच घ्या म्हणावं.

शेवटच्या सीटचं म्हणाल तर बरोबर आहे. आम्ही ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला कधी मागे बसू दिलं नाही.

आणि रत्नागिरीच्या साहेबांनी विचारलं त्याला पोरीने उत्तर दिलं ते तिला माहीत नाही म्हणून. त्या थांब्यावर मी जरा आडोशाला झुडपामागे गेलो होतो. वय झालं की थांबवत नाही. परत येताना पोरगा लांबून ओरडला, हात वर करून थांब म्हणाला. खाली बघितलं तर मी त्या काळ्या खपलीवर उभा. त्याने खुणेने सांगितलं, जिथे पाय पडलेत तिथेच परत पाय टाकत ये. तसाच आलो, मागे मागे, गाडी रिव्हर्स घेतल्यासारखा. म्हणून आकडा पक्का सांगतो. चार पावलं.