मूळ गाव तेलंगणात, सिरसिल्ल्याकडचं, घर सोलापूरच्या पूर्वभागात: फोटो काढायला सुरुवात कुठून करू?

पूर्वभागातला फोटोवाला

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. सीझन संपला की बॅग उचलून बाहेर पडतो. हंपी, काशीचे घाट, स्पितीतले मठ, बरंच साठलंय. मागच्या खेपेला कच्छमध्ये भुजोडीला गेलो होतो. तिथल्या एका विणकर काकांनी धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो, माझ्या हातात दिला आणि मी तो बरोबर धरला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "सोलापूरचा, पद्मशाली, आम्ही पण विणकरच." त्यांनी लगेच चहा मागवला. त्या चहापासून एकच गोष्ट डोक्यात आहे: आता पुढची काही वर्षं कॅमेरा आपल्याच माणसांवर.

आमचं घर साखर पेठेच्या पुढं. ताता, म्हणजे आजोबा, लहान वयात सिरसिल्ल्याकडच्या एका खेड्यातून चुलत्याबरोबर इथं आले. तिकडं दुष्काळ होता, सुताला भाव नव्हता आणि सोलापुरात गिरण्या चालू होत्या. जुनी गिरणी १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. आधी गिरणीत बदली कामगार, मग दुसऱ्याच्या कारखान्यात माग, मग घरात स्वतःचे दोन माग. अव्वानं, म्हणजे आजीनं, आयुष्यभर विड्या वळल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. संक्रांतीला आमच्याकडं सकिनालू तळतात आणि त्याच हातांनी सिद्धेश्वराच्या यात्रेला तिळगूळ वाटतात. नंदीध्वज रस्त्यावरून निघाले की अव्वा आजही दारात पाण्याची घागर घेऊन उभी असते. अंबाडीला ती पुंटीकुरा म्हणते, पण भाकरीला भाकरीच म्हणते.

ताता गेले. अव्वा आहे, ऐंशी ओलांडलेली, आणि तिचं बोलणं अजून खणखणीत आहे. घरातले माग भंगारात गेले. गल्लीतले कारखाने एकेक करून बंद होतायत, काही अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेले.

माझा प्रश्न असा. या नवरात्रात बतुकम्माच्या, म्हणजे तिकडच्या बायकांच्या फुलांच्या सणाच्या, वेळी मूळ गावी जावं असं फार वाटतंय. तरवडाच्या पिवळ्या फुलांचे थर रचून बायका भोवती टाळ्या वाजवत फिरतात, ते तिथं जाऊन बघायचंय. पण गावात आमचं कोण राहिलंय ते कुणालाच सांगता येत नाही. आणि दुसरं मन म्हणतं, आधी अव्वा, आधी ही गल्ली. दोन्ही एका वर्षात नीट होणार नाही. ज्यांनी आपल्या मूळ गावाचं असं काही काम केलंय त्यांनी सांगा, कुठून धरू?

भिवंडीकर

अण्णा, आम्ही पण तिकडचेच, फक्त गाडी पुढं भिवंडीला थांबली. मी वडिलांना घेऊन गाव शोधायला गेलो होतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे घरातले जे जिल्ह्याचं नाव सांगतात ते आता जुळणार नाही. २०१६ मध्ये तेलंगणात जिल्हे नव्यानं पाडले. आपल्या म्हाताऱ्यांचं "करीमनगर जिल्हा" म्हणजे आता सिरसिल्ला, जगतियाल, पेद्दपल्ली, काहीही असू शकतं. मंडलाचं (तिकडच्या तालुक्याचं) नाव आणि शेजारच्या दोन मोठ्या गावांची नावं अव्वाकडून काढून घ्या. बाजार कुठं भरायचा, हे विचारा. बायकांना बाजाराचं गाव कधी विसरत नाही.

दुसरं, जमिनीच्या कागदात शोधत बसू नका. विणकराला जमीन नव्हती, त्याचं नाव कुठं लागणार? इंटिपेरू, म्हणजे घराण्याचं नाव, सांगा, गोत्र सांगा आणि गावातलं आपल्या समाजाच्या मार्कंडेयाचं देऊळ विचारा. देवळापाशी बसलेली माणसं अर्ध्या तासात तुमची भावकी लावून देतात. आमचं तसंच झालं. वडिलांचं इंटिपेरू ऐकून एक आजी उठून आली आणि तिनं वडिलांच्या आत्याचं नाव घेतलं. वडील कधी रडत नाहीत, त्या दिवशी रडले.

रस्ता सोपा आहे. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी, हैदराबाद, सगळा ६५ नंबरचा हायवे. वाटेत चेरियालचे पटचित्रकार बघता आले तर बघा. कूनपुली नावाचे कथेकरी लोक ते लांब पट उलगडून आपल्या समाजाला मार्कंडेयाची, भावनाऋषींची कथा सांगायचे. तुमच्या कामात ते बसतंय.

दाजीपेठेतली मावशी

बाळा, गाव कुठं जात नाही. अव्वा आधी.

मी स्वतः विडी कामगाराची मुलगी. आमच्याकडं फोटो काढायला बरेच लोक आले. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो: मांडीवर सूप, खाली मान, सुरकुतलेले हात, खिडकीतून ऊन. ते फोटो छान दिसतात, पण माझ्या आईला तो आवडायचा नाही. ती म्हणायची, "माझं तोंड कुठाय यात?" तेव्हा आधी अव्वाला विचार, तुला कसा फोटो पाहिजे. ती कदाचित नवी साडी नेसून मार्कंडेय देवळात जाऊ म्हणेल. तिथंच काढ, आणि तो पहिला काढ.

मग विडीचं काम दाखव म्हण. अव्वा दाखवेल. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा, कात्रीनं तेवढाच तुकडा. तंबाखूची चिमूट किती, ते बोटांना ठाऊक असतं. वळून झाली की तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा. हजार विड्या झाल्याशिवाय सूप खाली ठेवायचं नाही, असा दिवस असायचा. माझ्या आईची उजवी तर्जनी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. हे फोटोत नुसतं दिसून भागत नाही. मोबाइलवर तिचं बोलणं पण भरून ठेव, तेलुगूतच. मराठीत सांग म्हणून आग्रह धरू नकोस, मराठीत ती पाहुण्यासारखी बोलेल.

बतुकम्मा बघायला लांब कशाला जायचं? आपल्या पूर्वभागात काय कमी खेळतात? अव्वाला कडेला खुर्ची टाकून बसव आणि बतुकम्माची ती "उय्यालो"ची गाणी लागली की तिचे ओठ बघ.

कारखानदाराचा पोरगा

मावशींचं बरोबर आहे. मी कारखान्यातल्या फोटोंचं सांगतो, कारण माझ्या घरचे माग अजून चालू आहेत आणि मी पण कॅमेरा बाळगतो.

कारखान्यात शिरल्यावर लेन्स बदलू नका. हवेत सुताचे बारीक तंतू असतात, ते सेन्सरवर बसले की निघता निघत नाहीत. एकच लेन्स लावून आत जा, पस्तीस मिलिमीटर पुरते, कारण दोन मागांमधली जागा एका माणसापुरती असते. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, नाहीतर फोटोत काळे पट्टे येतात. त्या वेगाला धोटा पुसट होतो आणि कामगाराचा चेहरा थांबतो. मला तसाच फोटो खरा वाटतो. धोटा गोठवलेला फोटो बघितला की माग बंद असल्यासारखा वाटतो, आणि सोलापुरात बंद मागाचे फोटो आधीच पुष्कळ आहेत.

रंगीत काढा. चादरीचे फोटो कृष्णधवल काढणाऱ्यांवर मला राग येतो. तो लाल, तो मोरपंखी, जकार्डच्या नक्षीतली ती पिवळी फुलं, हे सगळं आमच्या लोकांनी निवडलंय.

घरात तातांचा स्टुडिओतला जुना फोटो काचेच्या फ्रेममध्ये असेल, तर तो काचेला चिकटलाय का ते आधी बघा. चिकटला असेल तर ओढू नका, चेहराच काचेवर निघून येतो. काचेसकटच, बाजूनं मऊ उजेड घेऊन, समोर काळं कापड धरून त्याचा फोटो काढा.

पूर्वभागातला फोटोवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं वाचून काल अव्वाला विचारलं. देऊळ नाही म्हणाली. तिला फोटो कन्ना चौकातल्या त्या गल्लीत पाहिजे, जिथं तातांनी दुसऱ्याच्या कारखान्यात पहिला माग चालवला. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. मी म्हटलं, तिथं काहीच राहिलं नाही. ती म्हणाली, "मी हाय की." उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जातोय. साडी तिनं स्वतः काढून ठेवलीय, हिरवी, रुंद काठाची.

भिवंडीकर अण्णा, बाजाराचं गाव विचारलं. क्षणभर पण थांबली नाही, वेमुलवाडा म्हणाली. राजन्नाच्या देवळाला जायचं आणि येताना मीठ-मिरची घ्यायची. म्हणजे निदान दिशा तरी कळली. ताता चुलत्याबरोबर बैलगाडीनं निघाले, मग वाडी जंक्शनहून रेल्वेनं सोलापूर, हेही काल पहिल्यांदा ऐकलं. रेकॉर्डिंग चालू होतं, सगळं तेलुगूत. त्यामुळं गावाला जाणार, पण बतुकम्माला नाही. यंदाचा बतुकम्मा इथलाच, अव्वाची खुर्ची टाकून. उन्हाळ्यात लग्नं आटोपली की तिच्या रेकॉर्डिंगमधल्या वाटेनंच जाईन, वाडीवरून, रेल्वेनं.

कारखानदार भाऊ, रंगीतच काढतो. तुमच्या कारखान्यात आलो तर चालेल का? आणि एक विनंती सगळ्यांनाच: पूर्वभागात कुणाच्या घरी खड्ड्यातला हातमाग अजून बसवलेला असेल, चालू नसला तरी, तर इथं कळवा. अव्वा म्हणते, तिला त्यावर बसून धोट्यात सुताची कांडी कशी लावायची ते माझ्या मुलीला दाखवायचंय.