रेडिएशन चालू असताना हळदीच्या, आवळ्याच्या गोळ्या द्यायच्या का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्या आत्याचं तोंडाच्या कॅन्सरसाठी परळला रेडिएशन चालू आहे, आम्ही लालबागहून टॅक्सीने नेतो-आणतो. तोंड आतून पार सोलवटलंय, ताक-भाताची पेज सोडली तर काही गिळवत नाही, पाहवत नाही हो. शेजारच्या काकूंनी मायेने कर्क्युमिनच्या (म्हणजे हळदीतल्या घटकाच्या) कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि आवळ्याच्या गोळ्या आणून दिल्यात, चांगल्या पेशी वाचतात म्हणे.

मी वाचलं ते असं, की रेडिएशनने पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे तोडफोड करणारे कण बनतात, ते डीएनए तोडतात आणि अँटिऑक्सिडंट (या गोळ्यांमधले घटक तेच) या कणांनाच निकामी करतात, पण मग त्यात कॅन्सरच्या पेशीपण वाचतील ना? कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, 2005 साली निकाल आला, त्रास कमी झाला पण कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून गोळ्या मी कपाटातच ठेवल्यात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाहीच.

ज्यांच्या घरी कुणाचं रेडिएशन झालंय त्यांनी प्लीज सांगा, तुमच्या डॉक्टरांनी अशा गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या का? जेवणातली हळद, आवळा चालतो का? आणि तोंडाची आग कमी व्हायला त्यांनी कसल्या गुळण्या दिल्या होत्या?