ट्रेल्स मालिका: तुम्ही कुठल्या स्टेशनावर चढलात?

भाच्याने परवा विचारलं, "मावशी, ट्रेल्स कुठून सुरू करू?" आणि मी अडखळले. फाल्कॉम या जपानी कंपनीची ही व्हिडिओ गेमची मालिका २००४ पासून चालू आहे, मुख्य गेम तेरा झाले. गोष्टीतले देश बदलतात, लिबर्ल, क्रॉसबेल, एरेबोनिया, कॅल्वर्ड, पण गोष्ट एकच, पुढे सरकत जाणारी. तुम्ही कुठून सुरुवात केलीत आणि पस्तावलात का, ते खाली टोपणनावाने लिहा. पुढचं फोडू नका.

आधी माझं. मालिकेतला पहिला, 'ट्रेल्स इन द स्काय', पीसीवर २०१४ मध्ये आला तेव्हा घेतला. एस्टेल आणि जोशुआ ही सोळा वर्षांची पोरं ब्रेसर, म्हणजे लोकांच्या अडीनडीला धावणारे, म्हणून कामाला लागतात आणि कामं काय, तर रस्त्यावरचा दिवा बदला, हरवलेलं शोधून द्या. दहा तास हेच. दोनदा सोडला. मग लक्षात आलं की कथेत जरा काही घडलं की गावातला प्रत्येक माणूस नवीन काहीतरी बोलतो. कुणाचं भांडण, कुणाचं लग्न. त्या नादात शेवटापर्यंत पोचले आणि शेवटच्या दहा मिनिटांनी पार हादरवलं. दुसरा भाग इंग्रजीत यायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. पहिला भाग पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या यंत्रावर, २०११ मध्येच खेळलेल्यांनी चार वर्षं कशी काढली असतील!

रात्रपाळी
मी एरेबोनियातल्या 'कोल्ड स्टील'वाला. शाळा, 'वर्ग सात' नावाची तुकडी, दिसायला झकास, म्हटलं हाच पहिला. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे अचानक भलतीच दोन माणसं हातात येतात आणि गेम त्यांना जुन्या ओळखीचं असल्यासारखं वागवतो. लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारखं झालं. मग मागे जाऊन क्रॉसबेलमधले 'झीरो' आणि 'अॅझ्युर' खेळलो, तर क्रॉसबेलचं पुढे काय होतं ते आधीच ठाऊक. पस्तावलो? हो, थोडा. पण 'स्काय'पासून सुरू केलं असतं तर दिवे बदलतानाच पळालो असतो, हेही खरं.

खिडकीजवळची
'झीरो'पासून. अधिकृत इंग्रजी २०२२ मध्ये आलं तेव्हा. दोन बड्या देशांच्या मधे चेपलेलं शहर आणि त्यातले चार नवखे पोलीस, समजायला काही अडत नाही. त्यात रेन नावाच्या मुलीचा एक प्रसंग आहे. पहिल्यांदा मी तो चहा पीत पाहिला. नंतर 'स्काय'चे तिन्ही भाग करून तोच प्रसंग पुन्हा पाहिला आणि चहा तसाच गार झाला. म्हणून मी क्रम पाळा म्हणते. पाळला नाही म्हणून मरत मात्र नाही कुणी.

दोन पोरांचा बाप
रात्री एक तास मिळतो, तेरा गेम कोण खेळणार? थेट कॅल्वर्डमधला 'डेब्रेक'. नायक चोविशीचा, स्वतःचं ऑफिस चालवतो, गोडाचा शौकीन. लढाईत धावपळही आहे. जुने संदर्भ डोक्यावरून गेले, जाऊ दे.

फुकटचा सल्ला
जुना 'स्काय' पीसीवर घ्याल तर टर्बो वापरा, लढाया झरझर सरतात. आणि रिकामी केलेली खजिन्याची पेटी परत उघडून पाहा, इंग्रजी अनुवादवाल्यांनी तिथे थट्टा लिहून ठेवलीय. मी पेट्यांसाठीच अर्धा गेम मागे गेलो.

परत मी
सगळ्यांचे आभार. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या 'स्काय'ची नव्या रूपातली आवृत्ती आलीय, भाच्याने तीच घेतली. काल फोन आला, अजून पहिल्याच गावात आहे आणि प्रत्येकाशी दोनदोनदा बोलतोय. "मावशी, यात होतं काय शेवटी?" म्हणाला. मी म्हटलं, जेवलास का?