वहिनीचं भारतीय नागरिकत्व: लग्न पक्कं, राहणं पक्कं, पण उत्पन्नाचे कागद तोकडे. काय करावं?

मोरजाईची लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वहिनीचा आहे, तिला विचारूनच इथे टाकतेय.

वहिनी मूळची रशियाची. भावाशी लग्न 2014 साली झालं. गोव्यात पेडण्याला सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झाल्यात, दाखला घरात आहे. तेव्हापासून मोरजीला आमच्याच घरात असते, एंट्री व्हिसा वेळच्या वेळी वाढवून घेते. भाचा गावच्या शाळेत जातो. आता तिला इथलं नागरिकत्व हवंय. का म्हणून विचारलं तर सांगते, वाड्यावरच्या गटाराची तक्रार घेऊन गेलं की पंच म्हणतो, तुझं मत कुठे आहे?

अडचण पैशांच्या कागदांची. भावाचा शॅक आहे, म्हणजे किनाऱ्यावरचं हंगामी हॉटेल, ऑक्टोबर ते मे. धंदा बराचसा रोखीचा. आयकर रिटर्न काही वर्षं भरलं, काही वर्षं नाही, कोविडमध्ये तर शॅक लागलाच नाही. वहिनीला पगार नाही. तिकडच्या बँकेत तिचे थोडे पैसे आहेत, पण 2022 पासून रशियन बँकेचं कार्ड इथे चालत नाही आणि स्टेटमेंट सगळं रशियनमध्ये. इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेल्या आमच्या आतेभावाने तर सांगून टाकलं की एवढ्यावर अर्जच करू नका, फेटाळतील. एक एजंट 'इन्कम प्रूफ करून देतो' म्हणतोय, आकडा ऐकून भाऊ गप्प झाला.

कुणी यातून गेलंय का? खात्रीचा वकील किंवा सीए, पेडणे-म्हापसा भागातला असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

खतखतें
शीर्षक वाचून वाटलं पोर्तुगालचं असेल. गोव्यात नागरिकत्व म्हटलं की लिस्बनच आठवतं. उलट दिशेने येणारं माणूस बघून बरं वाटलं हो.

कुळागर
ताई, आतेभाऊ सांगतो ते इंग्लंडचं. तिथे जोडीदाराच्या व्हिसासाठी एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंडांची अट आहे. ती डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे नागरिकत्व कायदा 1955, कलम 5(1)(सी): भारतीय नागरिकाशी लग्न झालेलं असावं आणि अर्जाआधी सात वर्षं इथे राहणं असावं. उत्पन्नाचा आकडा त्यात कुठेच नाही. आमच्या घरातला अर्ज याच कलमाखाली मंजूर झालाय, आणि आमचंही उत्पन्न म्हणजे सुपारी नि थोडे काजू.

पैशांचं विचारतात ते घर कशावर चालतं हे कळावं म्हणून. चौकशीला माणूस येतो, शेजाऱ्यांना विचारतो, नवरा काय करतो, बाई काय करते. एंट्री व्हिसावर बाईला सरसकट नोकरी करता येत नाही, त्यामुळे तिच्या नावाची सॅलरी स्लिप नाही याचं कुणाला नवल वाटणार नाही. असती तर उलट विचारलं असतं.

खरी गोम मुक्कामाच्या हिशेबात आहे. 'सात वर्षं' याचा कायद्यातला अर्थ असा: अर्जाच्या लगेच आधीचे 12 महिने सलग भारतात, आणि त्याच्या मागच्या 8 वर्षांत मिळून निदान 6 वर्षं. वहिनी माहेरी किती जातात?

मोरजाईची लेक
अगबाई. दर पावसाळ्यात जाते. शॅक मोडला की जूनमध्ये निघते, चतुर्थीआधी परत. दोनेक महिने धरा. 2020 ला मात्र विमानंच बंद, तेव्हा इथेच होती.

कुळागर
मग मागच्या आठ वर्षांची काळजी नको. दरवर्षी दोन महिने वजा केले तरी 80 महिने उरतात, लागतात 72. पण शेवटचं वर्ष अडणार. यंदा जूनला गेल्या तर 12 महिन्यांचं घड्याळ परतल्या दिवसापासून नव्याने सुरू.

खास कारण असेल तर या 12 महिन्यांत एकूण 30 दिवसांपर्यंत सवलत देण्याची तरतूद 2015 च्या दुरुस्तीत आली, ते 30 दिवस तुकड्यातुकड्यांत असले तरी चालतात. पण ती केंद्र सरकारच्या मर्जीवर. आई आजारी पडली वगैरे प्रसंगासाठी ती शिल्लक ठेवा, सुट्टीत उडवू नका. एक पावसाळा आईलाच इकडे बोलवा. मोरजीचा पाऊस बघू दे तिलाही.

आणि जुने-नवे सगळे पासपोर्ट काढून आल्या-गेल्याच्या शिक्क्यांवरून तारखांचा तक्ता करा. तो एक कागद आमच्या फायलीत सगळ्यात जास्त वेळा उलटला गेला.

सनसेट_रायडर
एवढं कशाला डोकं लावताय. ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून वहिनीला मॅनेजर दाखवा, तीन महिन्यांच्या स्लिपा घ्या, काम खल्लास. सगळे करतात.

हिशेबनीस
सनसेटबाब, तुमच्या सल्ल्याने बाई दोनदा गोत्यात येईल. एक, एंट्री व्हिसावर नोकरी केली असं स्वतःच लिहून दिल्यासारखं. दोन, याच कायद्याचं कलम 17: जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कलम 10 खाली खोटेपणाने मिळवलेलं नागरिकत्व नंतरही काढून घेता येतं. ताई, त्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

आता कामाचं. मी म्हापशात हिशेब लिहितो, शॅकवाले, गेस्ट हाऊसवाले, बाइक भाड्याने देणारे, सगळे येतात. यांच्याकडे कागद नसतात असं नाही, ते कागद म्हणून ओळखले जात नाहीत. भावाला सांगा घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या जमिनीवर ओता. शॅक मंजुरीचं पर्यटन खात्याचं पत्र आणि भरलेल्या फीच्या पावत्या, अन्न परवाना, वीज बिलं, माशांच्या नि दारूच्या पुरवठादारांची बिलं. दारूवाला होलसेलर पक्कं बिल देतो, त्यावर तारीख, नाव सगळं असतं. शॅक पाच हंगाम चालला हे त्या एका गठ्ठ्यावरून दिसतं.

शिवाय आता सगळे गिऱ्हाईक क्यूआर मागतात. ज्या खात्यात यूपीआय जमा होतं त्याचं स्टेटमेंट काढा. हंगामात भरती, पावसाळ्यात ओहोटी दिसेल. दिसू दे. शॅकवाल्याच्या खात्यात जुलैमध्ये पैसे आले तर मलाच संशय येईल.

रिटर्न: यंदाचं मुदतीत भरा, कर बसत नसला तरी भरा. छोट्या धंद्याला आयकराचं कलम 44एडी आहे, वह्या ठेवायची गरज नाही, रोख जमेच्या 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या 6 टक्के नफा धरायचा. मागची वर्षं राहिलीत त्यासाठी अपडेटेड रिटर्न आहे, आता चार वर्षं मागे जाता येतं, पण वाढीव कर भरून. ज्या वर्षी कर बसतच नव्हता तिथे त्या वाटेला जाऊ नका. कोविडचे हंगाम कोरे आहेत ते कोरेच सांगा. सबंध किनारा कोरा होता.

वहिनीचं नाव भावाच्या बचत खात्यात जोडता येतं का ते बँकेत विचारा. आधार आहे का तिचं?

मोरजाईची लेक
आधार आहे. पॅन नाही. आधार असताना परत हे सगळं कशाला, असं भावाचं म्हणणं.

चिखलकालो
आधार म्हणजे राहणारा, नागरिक नव्हे. वर्षात 182 दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही मिळतं.

उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडून मिळतो. भावाच्या नावाने घ्या. त्यासाठी त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, रेशनकार्ड लागेल. खरा आकडा सांगावा. फी-सवलतीसाठी एकदा कमी, इथे एकदा जास्त असं केलं तर दोन्ही दाखले त्याच कचेरीत असतात हे लक्षात ठेवा. घर कुणाच्या नावावर?

मोरजाईची लेक
घर अजून आजोबांच्या नावावर. घरपट्टी बाबा भरतात.

चिखलकालो
अर्ध्या गोव्याचं तसंच आहे. घरपट्टीच्या पावत्या, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि वडिलांचं साधं पत्र, की सून आमच्याबरोबर राहते. पुरेल.

कुळागर
इथे एक भर. गोव्यात लग्न नोंदवताना वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याप्रमाणे. म्हणजे भावाचं जे आहे त्यात वहिनीचा वाटा कायद्यानेच आहे. बाहेरच्या राज्यातली परदेशी सून 'नवऱ्यावर अवलंबून' एवढंच लिहू शकते. वकिलाकडून प्रतिज्ञापत्रात हे एक वाक्य घालून घ्या. पैशांचा पुरावा म्हणून नव्हे, घरात तिचं स्थान काय आहे ते कळावं म्हणून.

अर्ज ऑनलाइन, फॉर्म 3. मग छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन पणजीला उत्तर गोवा कलेक्टर कचेरीत. तिथून चौकशी, मग राज्याचं गृहखातं, मग दिल्ली. वेळ लागतो. वकिलाची खरी गरज प्रतिज्ञापत्रांपुरती. बाकी तुम्ही स्वतः केलं तर चुका कमी होतात, कारण वहिनी कधी आल्या-गेल्या हे वकिलाला काय माहीत.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: दिल्लीहून स्वीकृतीचं पत्र हातात पडेपर्यंत रशियाचं नागरिकत्व सोडायची घाई करू नका. भारतात दुहेरी चालत नाही, सोडावं लागणारच. पण आधी सोडलं आणि इथे अडकलं तर माणूस कुठलंच राहत नाही.

दोडामार्गवाला
माझी बायको नेपाळची. आमचं उलटं दुखणं, व्हिसाच लागत नाही म्हणून शिक्केच नाहीत, ती इथे कधीपासून आहे ते सिद्ध करता करता नाकी नऊ. पोरांचे शाळेचे दाखले, दवाखान्याचे केसपेपर, भाडेकरू म्हणून पोलिसात दिलेला फॉर्म, यांवर चाललंय. तुमच्याकडे शिक्के आहेत, नशीबवान आहात.

खतखतें
सीएएमधून होत नाही का? गोव्यात 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते एकाला मिळालं ना? त्याची बायकोही गोव्याचीच.

कुळागर
तो मूळचा गोंयकार, पाकिस्तानातून परतलेला ख्रिस्ती माणूस. सीएए पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा समाजांपुरताच. रशियाचा संबंध नाही.

त्यापेक्षा ओसीआयचा, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा विचार केलात का, ताई? नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की जोडीदाराला अर्ज करता येतो. इथे अर्ज केला तर फी 15,000 रुपये. रशियन पासपोर्ट राहतो, दर वेळी व्हिसा वाढवायची कटकट संपते, नोकरी-धंदा करता येतो, म्हणजे तिच्या नावाचे पैशांचे कागदही तयार व्हायला लागतात. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड जातं.

आणि ओसीआय होऊन पाच वर्षं झाली की कलम 5(1)(जी) खाली नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, त्याला फक्त शेवटचे 12 महिने इथे राहणं लागतं. ज्यांची माहेरची ये-जा जास्त त्यांच्यासाठी ही वाट बरी. वहिनींचे दिवस भरतात, त्यामुळे मी असतो तर सरळ 5(1)(सी) केलं असतं. पण आईचं वय जास्त असेल तर विचार करा. रशियन पासपोर्ट सोडल्यावर आईकडे जायला तिलाच व्हिसा लागेल. हे आमच्या घरी कागदांपेक्षा जास्त वेळ चाललं होतं.

मोरजाईची लेक
मत नाही म्हटल्यावर ती ओसीआयला तयार होणार नाही, पण आईचं तिच्यापुढे ठेवते. हे आम्हां कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अजून एक सापडलं. पासपोर्ट काढून बसलो तर लग्नाच्या दाखल्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग वायने सुरू होतं, आत्ताच्या पासपोर्टवर आयने. माणूस तेच. भाच्याच्या जन्मदाखल्यावर पुन्हा वाय.

कुळागर
रशियन पासपोर्टांत हे सर्रास होतं, त्यांनी रोमन अक्षरांत लिहायचे नियम मधे बदलले. लग्नाचा दाखला बदलायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या कॉन्सुलेटकडे दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र मागा, जोडीला इथलं प्रतिज्ञापत्र. अर्जात आत्ताच्या पासपोर्टवरचंच स्पेलिंग. तिकडचा जन्मदाखला आणाल तो अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून तिकडच्या सरकारचा शिक्का) करून आणि इंग्रजी भाषांतरासह. हे सगळं अर्जाआधी, कारण चौकशीत निघालं की फाईल तिथेच थांबते.

हिशेबनीस
पॅनही आत्ताच्या पासपोर्टच्या स्पेलिंगनेच काढा. परदेशी नागरिकाचा फॉर्म वेगळा. पिशव्या ओतल्यात का?

मोरजाईची लेक
ओतल्या. दारूवाल्याची बिलं 2017 पासूनची निघाली, आईने पापडाच्या डब्याखाली अंथरली होती. सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. वकिलाचं नाव व्यनित आलं, फोन करते. तूर्त घरात भांडण वेगळंच, भावाने जूनची तिकिटं आधीच काढून ठेवलीत, आणि त्यातली निम्मी रक्कमसुद्धा परत मिळणार नाही म्हणतात.