मदत हवी आहे : जावा ८ वरून थेट २१ वर जावे, की १७ वर एक मुक्काम करावा?

जळगाव-धरणगाव परिसरातील जिनिंग कारखान्यांसाठी कापूस खरेदी, वजनकाटा आणि गाठींचा हिशेब ठेवणारी आमची प्रणाली जावा ८ (प्रोग्रॅमिंग भाषा) आणि स्प्रिंग बूट २.७.१८ (जावातील प्रणाली उभारण्याचा तयार सांगाडा) वर चालते. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की सर्व्हर बंद ठेवता येत नाही. त्यातच जावाची दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये, म्हणजे हंगामाच्या तोंडावर येते. त्यामुळे मोठा बदल उन्हाळ्यातच शक्य आहे.

चाचणी सर्व्हरवर जावा ११ घातले आणि त्यातून वगळलेले जॅक्सबी (एक्सएमएल माहिती वाचण्या-लिहिण्याचे साधन) स्वतंत्र लायब्ररी म्हणून जोडल्यावर प्रणाली नीट चालली. जावा १७ वर मात्र वजनकाट्याची जुनी लायब्ररी जेडीकेच्या (जावाच्या मूळ संचाच्या) अंतर्गत वर्गांपर्यंत रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना आडवाटेने, पोहोचू पाहते आणि अडते. हे अंतर्गत वर्ग खुले करणारा 'ॲड-ओपन्स' पर्याय सुरू करताना दिल्यास चालते, पण तो कायमचा उपाय वाटत नाही. त्या लायब्ररीच्या निर्मात्याकडून नवी आवृत्ती मिळणार नाही. आम्ही ओपनजेडीकेचे (जेडीकेच्या मुक्त-स्रोत रूपाचे) मोफत बिल्ड वापरतो, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही.

स्प्रिंग बूट ३ साठी किमान जावा १७ लागते आणि कोडमधील जावाएक्स नावाची पॅकेजे जकार्ता या नव्या नावाकडे न्यावी लागतात, हे ठाऊक आहे. स्प्रिंग बूट २.७.१८ जावा २१ वरही चालते. मग या उन्हाळ्यात फक्त जावा २१ वर जाऊन स्प्रिंग बूटचा बदल पुढच्या उन्हाळ्यावर ठेवणे सुरक्षित आहे का, की १७ वर एक हंगाम काढल्याने अडचणी शोधणे खरोखर सोपे जाते?