मदत हवी आहे: 'सेट' हा शब्द मुलांना शिकवावा कसा?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीत मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांचं इंग्रजी घेते. सध्या गाडी 'सेट'वर अडलीय.

शब्द मुलांना नवा नाहीच. दही सेट होतं, सिनेमाचा सेट असतो, दादा अमेरिकेत सेट होतो (हा शेवटचा अर्थ आपला घरचा, इंग्रज तिथे 'सेटल' म्हणेल). एकीची ताई तर पुणे विद्यापीठ घेतं त्या सेट परीक्षेला बसलीय! पण धड्यांत याच शब्दाने सूर्य मावळतो, मोडलेलं हाड बसवतात, गजर लावतात, टेबलावर ताटं मांडतात. वर भूतकाळातही रूप तेच. 'ही सेट्स' म्हणजे रोजचं, 'ही सेट' म्हणजे झालेलं. एका 'स'वर सगळा काळ.

ऑक्सफर्डच्या 1989च्या मोठ्या कोशात 'सेट'चे 430 अर्थ होते म्हणे. नंतर 'रन'ने त्यालाही मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच 645. एवढं कोण पाठ करणार?

मी आपलं 'लागणे' घेऊन बघितलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आंबा गोड लागतो. मुलं हसली, मुद्दा कळला. पण पेपरात अर्थ ओळखायची वेळ आली की पुन्हा सगळे 'ठेवणे'च लिहितात.

शिकवणाऱ्यांनी सांगा: आधी नेमके कोणते अर्थ घ्यावेत? 'सेट अप', 'सेट ऑफ' आत्ताच काढू की दहावीला? आणि प्रत्येक अर्थाला वाक्य देणारा, मुलांना पेलेल असा इंग्रजी-मराठी कोश अप्पा बळवंत चौकात कुणी पाहिलाय का?