टाहो की सबर्बन? सात माणसं, मागची गल्ली आणि १९ फूट १० इंचांचं गराज (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मोठी गाडी घ्यायचं ठरलंय, पण गेले दोन महिने आमचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय: शेवरले टाहो घ्यायची की तिचीच लांब बहीण सबर्बन? अनुभवी लोकांनी जरा मन लावून वाचावं ही विनंती. पाल्हाळ लागेल, पण तपशील दिल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. घरात आम्ही दोघं आणि तीन मुलं, वयं १४, ११ आणि ५. मे महिन्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. बाबा ७६, आई ७१, आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे. म्हणजे वर्षातला बराच काळ पाच माणसं आणि ते आले की सात.

दोन वर्षांपूर्वी ते आले होते तेव्हा आम्ही कोलोराडो स्प्रिंग्जला गेलो. इथून विचिटा फॉल्स, अमॅरिलो करत सव्वासातशे मैलांच्या आसपास पडतं, थांबत थांबत गेलं की अख्खा दिवस जातो. आमची सध्याची गाडी तीन रांगांची, पण मध्यम आकाराची. तिसरी रांग उभी केली की मागे डिक्की उरतच नाही. दोन बॅगा टपावर बांधल्या, एक मधल्या रांगेत आईच्या पायाशी ठेवली. अमॅरिलोला पोचेपर्यंत तिचा गुडघा सुजला होता. ती काही बोलली नाही. परत आल्यावर बाबा जेवताना म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही फिरून या, आम्ही घरी थांबू." रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाले. तेच मला अजून लागून राहिलंय. या वेळी त्यांना तसं म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी धडपड.

आता आकडे. २०२१ ते २०२४ ची टाहो २१०.७ इंच लांब आहे, सबर्बन २२५.७. तिसऱ्या रांगेमागची जागा टाहोत २५.५ घनफूट, सबर्बनमध्ये ४१.५. तिसऱ्या रांगेत पाय ठेवायला टाहोत ३४.९ इंच, सबर्बनमध्ये ३६.७. मधल्या रांगेत दोन्हीकडे सारखंच, ४२. किमतीत फरक साधारण तीन हजार डॉलरचा. नुसतं हे बघितलं तर सबर्बन घेऊन मोकळं व्हावं.

पण गराज! आमचं घर जुन्या पद्धतीचं, गराज मागच्या बाजूला, अरुंद गल्लीत उघडणारं. टेप लावून मोजलं: समोरच्या भिंतीपासून बंद दारापर्यंत १९ फूट १० इंच, म्हणजे २३८ इंच. सबर्बन उभी केली की पुढे-मागे मिळून जेमतेम बारा इंच. त्यात समोरच्या भिंतीला चौदा इंच खोल फळ्या आहेत, त्यावर सगळं वाणसामान. गाडी बाहेर ठेवता येत नाही का असं कुणी विचारेल. नाही ठेवता येत. उत्तर टेक्ससमध्ये मार्च ते मे गारा कशा पडतात ते इथल्यांना सांगायला नको. एका वादळात आमच्या आधीच्या गाडीचं टप चाळणीसारखं दिसायला लागलं होतं. शिवाय गल्लीतून काटकोनात वळून आत शिरायचं, समोर शेजाऱ्यांचं कुंपण.

तर प्रश्न असा: वर्षातले पंधरा-वीस दिवस लांबचा प्रवास होणार म्हणून उरलेले दिवस लांब गाडी वागवायची, की टाहो घेऊन त्या दिवसांपुरता काही मार्ग काढायचा? सात माणसं घेऊन टाहोने लांब गेलेलं कुणी आहे का? सामान कसं बसवलंत?

– धागाकर्ती, प्लेनो

ह्यूस्टनचा_नाशिककर

ताई, दोन्ही नको. टोयोटाची मिनीव्हॅन सिएना घ्या. लांबी २०३.७ इंच, म्हणजे टाहोहून आखूड, आणि तिसऱ्या रांगेमागे ३३.५ घनफूट, म्हणजे टाहोहून जास्त. डिक्कीचा तळ खोलगट, बॅगा उभ्या राहतात. दार सरकतं, पायरी बुटकी, आईंना चढायला सोपं. हायब्रिड आहे, गॅलनला ३६ मैल देते. टाहो-सबर्बनचे पेट्रोल इंजिनवाले १७-१८ च्या पुढे जात नाहीत. आमच्या घरी दोन्हीकडचे आजी-आजोबा येऊन गेले, एकदाही अडलं नाही.

धागाकर्ती

तुमचं म्हणणं पटतं आणि नुसती माणसं न्यायची असती तर मी सिएनाच घेतली असती. पण नवरा इथल्या ढोल-ताशा पथकात आहे. पथकाचा बंद ट्रेलर वर्षभर आमच्याच कुंपणाआड असतो आणि गणपतीत तोच ओढून नेतो. ढोल, ताशे, ध्वजाचे पाइप, सगळं भरलं की वजन चार हजार पौंडांच्या वर जातं. मिनीव्हॅनची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड. त्यावर ताणायचं नाही हे आमचं ठरलंय. गाडीत पोरं असतात.

मेकॅनिकल_मामा

ट्रेलर असेल तर मिनीव्हॅनचा विषय संपला, योग्य निर्णय. टाहो आणि सबर्बन दोन्ही आठ हजार पौंडांच्या आसपास ओढतात, तिकडे काळजी नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. "टाहोत तिसरी रांग लावली की डिक्की नाही" असं नेटवर ठिकठिकाणी वाचाल. ते २०२० पर्यंतच्या गाड्यांबद्दल खरं होतं. त्यांच्या मागच्या चाकांना अखंड कणा होता, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा. तो वरखाली हलायला जागा हवी म्हणून डिक्कीचा तळ उंच, तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी, आणि मागे फक्त १५.३ घनफूट. २०२१ ला मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली हलायला लागलं, तळ खाली गेला आणि तीच जागा २५.५ झाली. म्हणून जुनी गाडी बघत असाल तर २०२१ च्या मागे जाऊ नका, मग विक्रेता कितीही स्वस्त देऊ दे. फोर्डच्या एक्स्पिडिशनने हे २००३ लाच केलं होतं, त्यामुळे तिची तिसरी रांग पूर्वीपासून मोठ्या माणसांना बसता येईल अशी आहे.

दुसरं, इंजिन. तुम्हाला ५.३ लिटर पुरेसं आहे. ६.२ लिटरवाली आवडलीच तर लक्षात ठेवा, २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनांच्या सुमारे सहा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा व्हिन क्रमांक (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की ते काम झालंय की बाकी आहे हे फुकटात कळतं. ते बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

(सबर्बन हे नाव १९३५ पासून चालत आलंय. इतकी वर्षं एकच नाव टिकवून धरलेली दुसरी गाडी मला माहीत नाही. मला या गाडीबद्दल मनापासून आदर आहे, तेव्हा माझं मत थोडं तिकडे झुकणार.)

ऑस्टिनची_आजी

अगं, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. मी दर वर्षाआड लेकीकडे येते, माझेही दोन्ही गुडघे झालेत.

तुम्ही सगळे डिक्की मोजताय. आम्हाला आधी चढता आलं पाहिजे. या गाड्या उंच असतात. दार उघडल्यावर आपोआप खाली येणारी पायरी मिळते, ती घेच. चढताना धरायला दाराच्या चौकटीला मूठ आहे का आणि ती माझ्यासारख्या पाच फुटीच्या हाताला पोचते का, ते बघ. आणि मधल्या रांगेत सलग बाक घेऊ नकोस, दोन सुट्या खुर्च्या घे. बाकावर बसलं की मागच्या पोरांना चढता-उतरताना दर वेळी आम्हाला उठवतात. सुट्या खुर्च्यांमधून पोरं मधल्या वाटेने पळत मागे जातात आणि आम्ही बसल्या जागी राहतो. माझ्या लेकीने बाकवाली घेतली होती, दोन वर्षांत बदलली.

आणि दर दोन तासांनी थांबायचं. गाडी कितीही मोठी असली तरी गुडघा आखडतोच. बाबांना सांग, घरी थांबायचं नाव काढायचं नाही.

रेवा_नेपरव्हिल

आजींचा मुद्दा खरा, पण त्याची दुसरी बाजू सांगते. सुट्या खुर्च्या घेतल्या की सात माणसांत तिन्ही मुलं मागे जातात, म्हणजे तिसरी रांग पूर्ण भरली. सामान फक्त तिच्या मागे. बाक घेतला तर आजी-आजोबांबरोबर धाकटा मधे बसतो, मागे दोघंच उरतात, आणि तिसऱ्या रांगेची एका माणसाची बाजू आडवी पाडून तिथे लांब सामान ठेवता येतं. आम्ही टाहो अशीच वापरतो आणि आमचं भागतं. थोडक्यात, सुट्या खुर्च्या हव्या असतील तर सबर्बन, बाक चालत असेल तर टाहो पुरते. तुमच्या घरी आईंचा गुडघा आहे, तेव्हा उत्तर तुम्हालाच दिसतंय.

टपावर पेटी लावायचा विचार करत असाल तर आधी गराजचं दार मोजा. गाडी ७६ इंचांच्या आसपास उंच. त्यावर पंधरा-सोळा इंचांची पेटी चढली की ९० च्या वर. दार सात फुटी, म्हणजे ८४ इंच. आमची पेटी त्यामुळे गेली दोन वर्षं तळघरात पडून आहे.

फोर्डच्या एक्स्पिडिशनची लांब आवृत्ती, एक्स्पिडिशन मॅक्सही बघा. २०२४ पर्यंतची २२१.९ इंच आहे, सबर्बनहून जवळपास चार इंच आखूड. तुमच्या गराजात चार इंच म्हणजे पुष्कळ. आणि काहीही ठरवण्याआधी तीन दिवस सबर्बन भाड्याने घ्या. विमानतळावर भाड्याच्या गाड्यांत ती सहज मिळते. गल्लीत स्वतः वळवून बघा. शोरूमभोवती मारलेली एक फेरी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवा, तुझं ऐकलं. शुक्रवार ते सोमवार सबर्बन भाड्याने आणली. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

गल्ली: पहिल्या दिवशी तीनदा मागेपुढे करावं लागलं. रविवारपर्यंत दोनदात जमायला लागलं. सोमवारी कचऱ्याचे डबे बाहेर आले आणि पुन्हा तीनदा. चौदा वर्षांचा लेक उतरून उभा राहिला म्हणून निभावलं. त्रास आहे, पण जमणारा त्रास आहे.

गराज: फळ्या काढल्या तर मावते. दार बंद झालं, मागे पाच इंच उरले. मात्र दार बंद असताना डिक्की उघडत नाही, म्हणजे वाणसामान आणलं की आधी बाहेर उतरवायचं आणि मग गाडी आत. पावसात हे नकोसं होणार हे मान्य.

सामान: कोलोराडोला नेलं होतं तेवढंच घरातून काढलं. विमानात चालतात त्या मापाच्या पाच मोठ्या बॅगा, बर्फाची पेटी, कुकर आणि शेगडीची पिशवी. तिसरी रांग उभी ठेवूनही सगळं बसलं आणि मागची काच मोकळी राहिली. मग त्याच बॅगा घेऊन टाहो बघायला गेलो. विक्रेत्याने परवानगी दिली, बिचारा मदतही करत होता. तीन मोठ्या बॅगा उभ्या बसल्या, वर एक लहान. उरलेलं सगळं माणसांच्या पायाशी.

"पायाशी" हा शब्द नवऱ्याच्या तोंडून निघाला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. तिथेच ठरलं.

एक्स्पिडिशन मॅक्सही बसून पाहिली. तिसरी रांग सुरेख आहे आणि चार इंचांचा फायदा खरा आहे. पण आम्हाला हव्या त्या वर्षाची सुट्या खुर्च्यांची जवळपास मिळाली नाही आणि आई-बाबांच्या आधी महिनाभर तरी हातात गाडी हवी, सवय व्हायला. म्हणून २०२३ ची सबर्बन, ५.३ लिटर, मधे सुट्या खुर्च्या, आपोआप उतरणारी पायरी. व्हिन क्रमांक तपासला, बाकी काही काम नाही. शनिवारी कागदपत्रं होतील.

आजी, तुमचं उत्तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं. "पोरांना चढताना आम्हाला उठवतात" या वाक्याला ती म्हणाली, "यांना कसं कळलं?" मागच्या वेळी हेही होत होतं आणि मला दिसलंच नव्हतं.

फळ्या काल काढल्या. वाणसामान सध्या जेवणाच्या टेबलाखाली आहे. नवऱ्याने गराजच्या छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगलाय, पुढच्या काचेला टेकला की थांबायचं.

आता एकच राहिलं. दाराच्या चौकटीवरची मूठ आईला उंच पडणार, ती चार फूट अकरा इंच आहे. धरायला खाली लोंबणारा पट्टा कुणी बसवून घेतलाय का? मजबूत असतो का? वजन टाकलं तर टिकतो का?